पाऊस न पडणाऱ्या गावातील घरे

कापड दुकानाच्या गादीवर बसलेल्या आजोबांपुढे नातू मोबाइल धरतो आणि दोनशे रुपये मागतो. कशासाठी, तर पडद्यावरील त्याच्या बाहुलीला नवा सदरा घ्यायचा आहे. पन्नास वर्षे कापड मोजून विकलेले आजोबा क्षणभर निरुत्तर होतात. "अरे, ज्या कापडाला उभा धागा नाही की आडवा धागा नाही, त्याचे पैसे कसले?" हा त्यांचा प्रश्न. "पण आजोबा, माझे सगळे मित्र तिथेच असतात ना!" हे नातवाचे उत्तर. प्रश्न वस्तूविषयी आहे आणि उत्तर माणसांविषयी. त्यामुळे संवाद तेथेच खुंटतो. थोड्याफार फरकाने हा प्रसंग आज अनेक व्यापारी घरांत घडत आहे.

पडद्यामागील या आभासी जगांविषयी ज्येष्ठांत दोन मते आढळतात. काहींच्या लेखी तो निव्वळ कालापव्यय, तर काहींच्या लेखी मुलांना लागलेली नवी नशा. दोन्ही मतांत तथ्याचा अंश आहे. परंतु लक्षावधी माणसे, त्यांत कमावती, शिकलीसवरलेली आणि नातवंडे असलेली माणसेही, जेथे वर्षानुवर्षे जातात, तेथे त्यांना नेमके काय मिळते हे पाहिल्यावाचून निवाडा करणे व्यापारी शहाणपणाला धरून होणार नाही. माल न पाहता भाव सांगू नये, हा तर पेढीचा जुना नियम. त्यासाठी नव्याने निघालेले एखादे जग घेण्यापेक्षा वीस वर्षांहून अधिक काळ टिकलेले जग तपासणे योग्य ठरेल. ‘सेकंड लाइफ’ हे तसे जग आहे.

रिकामी जमीन आणि छपरे

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे फिलिप रोझडेल यांनी १९९९ मध्ये लिंडन लॅब ही कंपनी स्थापन केली आणि २३ जून २००३ रोजी ‘सेकंड लाइफ’ लोकांसाठी खुले झाले. याला खेळ म्हणणे कठीण, कारण येथे जिंकणे-हरणे नाही, गुण नाहीत, शत्रू नाही आणि शेवटही नाही. कंपनीने दिली ती प्रामुख्याने रिकामी जमीन, आकाश, समुद्र आणि काही हत्यारे. घन, गोल, नळकांडे असे मूळ आकार घ्यावेत, ते ताणावेत, जोडावेत, रंगवावेत आणि छोट्या आज्ञावलीने त्यांना हालचाल द्यावी. त्या जगातील घरे, बागा, नावा, दागिने, कपडे आणि वाद्ये यांपैकी बहुतेक सर्व तेथे येणाऱ्या लोकांनीच घडविले. कंपनीही त्यांना खेळाडू न म्हणता रहिवासी म्हणते.

या जगात वावरणाऱ्या माणसाच्या आकृतीला ‘अवतार’ म्हणतात. शब्द आपलाच, संस्कृतातला. १९८६ च्या सुमारास अमेरिकेतील लुकासफिल्म कंपनीच्या ‘हॅबिटॅट’ या टेलिफोनच्या तारांवरून चालणाऱ्या आरंभीच्या आभासी जगात चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी तो या अर्थाने वापरला, आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. जैन दर्शनाला अवतारकल्पना मान्य नाही. मुक्त झालेला जीव पुन्हा देह धारण करीत नाही. मात्र द्रव्य आणि पर्याय हा भेद आपल्या घरांत परिचयाचा आहे. सोन्याचे कडे मोडून साखळी केली, तरी सोने तेच राहते. पडद्यावरची आकृती हा असाच एक पर्याय मानला, तर तिच्यामागे बसलेला कर्ता जीव मात्र तोच, खराखुरा आहे. पुढील सर्व विवेचनात हा भेद ध्यानात ठेवणे उपयोगाचे ठरेल.

सेकंड लाइफमधील अवताराला भूक नाही, थंडी नाही, थकवा नाही. भिजविणारा पाऊस नाही. पायऱ्या चढण्याची गरज नाही, कारण तो उडू शकतो. असे असूनही लोकांनी तेथे घरे बांधली, आणि घरांना छपरे घातली, दारे लावली, जिने बांधले, आत खुर्च्या मांडल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ टॉम बोएलस्टॉर्फ यांनी २००४ ते २००७ या काळात, एखाद्या दूरच्या बेटावर जाऊन राहावे तसे, या जगात राहून संशोधन केले आणि २००८ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अद्भुत असे काही पाहण्याच्या अपेक्षेने गेलेल्या वाचकाला त्यात शेजार, बागकाम, गप्पा, रुसवेफुगवे आणि मैत्री असे नित्याचे जीवनच अधिक भेटते.

पाऊस नसलेल्या गावात छप्पर कशासाठी? कारण घर हे केवळ उन्हापावसासाठी नसते. कोणीतरी येईल, बसेल, ‘छान मांडले आहे’ असे म्हणेल, यासाठीही माणूस घर मांडतो. निर्मितीचा आनंद आणि ती दुसऱ्याला दाखविण्याचा आनंद हे दोन्ही जेथे एकाच जागी मिळतात, तेथे माणूस रमतो. अदृश्य जग डोळ्यांसमोर उभे करण्याची ही ओढ नवीन नाही. अजमेरच्या सोनीजींच्या नसियाँमध्ये सोन्याने मढविलेली अयोध्यानगरी आहे. हस्तिनापूरला शास्त्रात वर्णिलेले जंबूद्वीप आणि त्याच्या मध्यभागी सुमेरू उभा केला आहे. तेथे जाणारा यात्रेकरू डोळ्यांनी कधी न पाहिलेल्या जगातून हिंडून येतो. प्रेरणा अर्थातच भिन्न आहे. एकीकडे भक्ती, दुसरीकडे हौस. परंतु मनातील जग हातांनी घडवून त्यात इतरांना बोलावणे ही माणसाची जुनीच वृत्ती आहे.

करविरोध, बाजार आणि नक्कल

जेथे माणसे घडवू लागतात, तेथे लवकरच मालकीचा प्रश्न येतो. आरंभी कंपनीने रहिवाशांनी बनविलेल्या प्रत्येक वस्तूवर कर बसविला होता. जो अधिक बांधील, तो अधिक भरील. त्यामुळे सर्वांसाठी सुंदर इमारती उभारणाऱ्यांवरच बोजा पडू लागला. २००३ च्या जुलैत रहिवाशांनी बंड केले आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातील बोस्टनच्या प्रसंगाची आठवण करून देत चहाच्या पेट्यांचे ढीग रचले. त्या वर्षअखेरीस वस्तूंवरील कर गेला आणि जमिनीच्या प्रमाणात आकार घेण्याची पद्धत आली. मालावरच्या जकातीऐवजी जागेवरची घरपट्टी, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. त्याच सुमारास, नोव्हेंबर २००३ मध्ये, कंपनीने आणखी एक महत्त्वाचा निर्णय घेतला: रहिवाशाने जे घडविले, त्याचा बौद्धिक हक्क त्याचाच राहील. या एका निर्णयाने हौसेच्या गावात बाजार उभा राहिला.

या बाजाराचे चलन लिंडन डॉलर. २००५ पासून कंपनीनेच त्याच्या अदलाबदलीची सोय केली. एका अमेरिकी डॉलरला साधारणपणे अडीचशे ते पावणेतीनशे लिंडन डॉलर असा भाव बराच काळ राहिला. जमिनीचा पूर्ण तुकडा २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे सुमारे सोळा एकर. २००६ च्या अखेरीस खासगी तुकड्यासाठी दरमहा २९५ डॉलर भरावे लागत. चीनमध्ये जन्मलेल्या आणि जर्मनीत राहणाऱ्या आयलिन ग्राफ यांनी ‘आनशी चुंग’ या अवताराच्या नावाने, दहा डॉलरहून कमी भांडवलावर, येथे व्यवहार सुरू केला. जमीन घ्यावी, तिचे भाग पाडावेत, ती सजवावी आणि भाड्याने द्यावी, असा हा धंदा. मे २००६ मध्ये ‘बिझनेस वीक’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची तेथील मालमत्ता दहा लाख डॉलरच्या पुढे गेल्याचे जाहीर झाले. जाणता व्यापारी येथे लगेच म्हणेल की, ही चालू भावाने मांडलेली किंमत. सगळा माल एकाच दिवशी बाजारात आणला असता तर हा भाव मिळाला नसता. ते खरेच. पण साठ्याच्या मूल्यांकनाचा हा प्रश्न सोन्याच्या आणि जमिनीच्या बाजारातही असतोच.

बाजाराबरोबर बाजाराची दुखणीही आली. २००६ च्या नोव्हेंबरात दुसऱ्याची वस्तू जशीच्या तशी उतरवून घेणारी ‘कॉपीबॉट’ नावाची आज्ञावली पसरली. रात्र-रात्र जागून कपडे आणि फर्निचर घडविणाऱ्या छोट्या दुकानदारांत खळबळ उडाली आणि अनेकांनी निषेध म्हणून दुकाने बंद ठेवली. शेवटी असा वापर नियमबाह्य असल्याचे कंपनीला जाहीर करावे लागले. आपले डिझाइन आठवड्याभरात शेजारच्या दुकानात स्वस्तात लटकलेले पाहण्याचे दुःख ज्या कापडव्यापाऱ्याने भोगले आहे, त्याला या बंदचे कारण वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

याच काळात मोठमोठी नावेही तेथे आली. रॉयटर्स वृत्तसंस्थेने २००६ मध्ये कचेरी थाटली, स्वीडनने २००७ मध्ये आपल्या दूतावासाची प्रतिकृती उभारली, तयार कपड्यांच्या प्रसिद्ध कंपन्यांनी दालने उघडली. बहुतेक सारी नावे थोड्याच वर्षांत निघून गेली. त्यांची दालने देखणी होती, परंतु बहुतांश वेळ रिकामी असत; गादीवर बोलायला माणूस नव्हता. याउलट ज्यांनी स्वतः काही घडविले आणि शेजाऱ्यांशी ओळख जोडली, ते रहिवासी राहिले. मालाइतकेच महत्त्व ‘या, बसा’ म्हणणाऱ्याला असते, हे आभासी बाजारातही सिद्ध झाले.

ठेवी कोणाच्या भरवशावर?

या जगातील सर्वांत बोधप्रद प्रकरण बँकेचे आहे. गिंको फायनान्शियल या नावाने चालणाऱ्या एका पेढीने लिंडन डॉलरच्या ठेवी स्वीकारल्या आणि वार्षिक ४० टक्क्यांहून अधिक व्याज देऊ केले. असा दर रोजच्या हिशेबात मांडला की फारसा डोळ्यांत भरत नाही. दररोज हजारी एक म्हटले, तरी चक्रवाढीने वर्षाअखेर तो ४४ टक्के होतो. चालकाला ठेवीदार ओळखत ते त्याच्या अवताराच्या नावाने. त्या पेढीवर कोणतीही नियामक संस्था नव्हती, लेखापरीक्षण नव्हते आणि ठेवीला विमाही नव्हता. एवढे व्याज कोणत्या कर्जदाराकडून वसूल होते, हा बँकिंगमधील पहिला प्रश्न. तो विचारणारे थोडे आणि व्याज मोजणारे अधिक होते.

२००७ च्या जुलैअखेर लिंडन लॅबने त्या जगात जुगारावर बंदी घातली. बाजार डळमळला आणि ठेवीदार पैसे काढण्यासाठी धावले. पेढीकडे रोकड नव्हती. ऑगस्टमध्ये पैसे देणे थांबले आणि ठेवींच्या बदल्यात कधीही न फिटणाऱ्या रोख्यांचे कागद ठेवीदारांच्या हाती पडले. अडकलेली रक्कम सुमारे साडेसात लाख अमेरिकी डॉलर असल्याची नोंद त्या वेळी झाली. जानेवारी २००८ मध्ये लिंडन लॅबने फर्मान काढले की, प्रत्यक्ष जगातील सरकारी परवाना असल्याखेरीज त्या महिन्याच्या २२ तारखेपासून कोणीही तेथे व्याज देऊ करून ठेवी घेऊ नयेत. त्या एका निर्णयासरशी तेथील बहुतेक सगळ्या ‘बँका’ मिटल्या.

भारतात आज एखादी बँक अडचणीत आली, तर प्रत्येक ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, आणि तेही पिढ्यान्‌पिढ्यांच्या ठेचांनंतर मिळालेले आहे. आभासी जगातील माणसांनी घरे, दुकाने, बाजार हे सारे नव्याने उभारले; पण सोबत नेला तो जुनाच लोभ आणि जुनाच भाबडेपणा. तेथील नाणे काल्पनिक म्हणून हसण्यावारी नेता येईल, मात्र बुडालेली बचत कोणाच्या तरी पगारातून आलेली होती. आजोबांनी नातवाला ही गोष्ट अवश्य सांगावी. नव्या जगाची असली, तरी ती त्यांच्या अनुभवाच्या कक्षेतली आहे.

चाकांच्या खुर्चीतून धावणारा मुलगा

बाजार ही या जगांची एक बाजू झाली. माणसांना तेथे बांधून ठेवते ती सोबत. ब्रिटनचे सायमन स्टीव्हन्स यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. त्यांनी २००६ मध्ये सेकंड लाइफमध्ये ‘व्हीलीज’ नावाचे, अपंगांना मोकळेपणाने येता यावे असे संगीत-नृत्याचे ठिकाण उघडले. कोणतेही रूप घेण्याची मुभा असताना त्यांनी आपल्या अवतारालाही चाकांची खुर्चीच दिली. अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी निधी जमविण्याकरिता २००५ पासून तेथे दरवर्षी पदयात्रा निघते. पहिल्या वर्षी सुमारे पाच हजार डॉलर जमले आणि २००७ मध्ये तो आकडा एक लाखाच्या पुढे गेला. चालणारे पाय चित्रातले होते, दान मात्र रुग्णांपर्यंत पोहोचले.

दुसरे उदाहरण ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या वेगळ्या जगातले, आणि ते प्रत्येक आईवडिलांनी जाणून घ्यावे असे आहे. नॉर्वेतील मॅट्स स्टीन या मुलाला स्नायू क्षीण करीत नेणारा डुशेन हा असाध्य आजार होता. चालणे थांबले, मग चाकांची खुर्ची आली, पुढे हाताची थोडी बोटेच काय ती हलत राहिली. तो दिवसरात्र त्या खेळात असे. त्याच्या आयुष्यातील अखेरच्या दहाएक वर्षांत पंधरा ते वीस हजार तास तेथे गेले असावेत, असा हिशेब नंतर मांडला गेला. आईवडील मायाळू होते, पण त्यांच्या मनात एकच सल होता: आपल्या मुलाला मित्र लाभले नाहीत, प्रेम लाभले नाही, कोणाच्या उपयोगी पडण्याचे सुख लाभले नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मॅट्स गेला. मुलगा इंटरनेटवर अधूनमधून लिहीत असे, त्या पानाचा पासवर्ड वडिलांजवळ होता. त्यांनी तेथे निधनाची बातमी दिली आणि आपला पत्ता खाली लिहिला. कोणी वाचील, ही अपेक्षा नव्हती. त्यानंतर निरनिराळ्या देशांतून पत्रे येऊ लागली, लांबलचक, मनापासून लिहिलेली. तेथे तो ‘इबेलिन’ नावाने वावरत असे. आल्यावर आधी अर्धा तास नुसता धावून येई. त्याने दुःखी माणसांचे तासन्‌तास ऐकून घेतले होते, दुरावलेल्या मायलेकरांना बोलते केले होते. नेदरलँड्समधील एका मुलीचा संगणक आईवडिलांनी काढून घेतला, तेव्हा त्याने त्या आईवडिलांना पत्र लिहून तिच्या मैत्रीचे महत्त्व समजावले होते. स्वतःचा आजार मात्र त्याने बराच काळ त्या मित्रांपासून लपवून ठेवला होता. तेथे प्रथमच त्याला कोणी खुर्चीवरून ओळखत नव्हते. अंत्यसंस्काराला त्याच्या संघातील मित्र परदेशांतून आले. ज्यांना प्रवासखर्च परवडणारा नव्हता, त्यांच्यासाठी संघाने वर्गणी केली. नॉर्वेच्या सरकारी नभोवाणीने २०१९ मध्ये ही कहाणी लोकांसमोर आणली आणि २०२४ मध्ये तिच्यावर ‘द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन’ हा माहितीपट आला.

आईवडील त्याच घरात होते, भिंतीपलीकडे होते. मुलाच्या जगात कोण आहे, हे त्यांना तो गेल्यावर कळले. त्यांच्या मायेत उणीव नव्हती. पडद्यावर जे दिसते ते खरे नसते, एवढीच त्यांची समजूत होती. आज शेजारच्या खोलीत दार लोटून बसलेल्या प्रत्येक मुलाच्या आईवडिलांपुढे हा प्रश्न आहे.

भाव आणि मर्यादा

येथे कोणी म्हणेल की, मग मुलांना मोकळे सोडावे काय? तसे मुळीच नाही. उलट, जे खरे आहे त्यालाच मर्यादा घालावी लागते.

सोमदेवसूरींच्या दहाव्या शतकातील ‘यशस्तिलक’ ग्रंथात आलेली यशोधर राजाची कथा अनेक घरांत सांगितली जाते. आईच्या आग्रहास्तव राजाने जिवंत प्राण्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला. पीठच ते, कोणाचा जीव गेला नाही. तरीही त्या संकल्पाचे फळ म्हणून मायलेकांना अनेक तिर्यंच योनींतून फिरावे लागले. पडद्यावरची हिंसा खोटी असते असे म्हणणाऱ्यास ही कथा विचारात पाडते, कारण कर्मबंधाचा विचार वस्तूपाशी न थांबता भावापर्यंत जातो. पण तोच न्याय दुसऱ्या बाजूनेही लागू होतो. कोंबडा पिठाचा असून द्वेष खरा ठरत असेल, तर इबेलिनचे शरीर चित्रातले असून त्याची करुणाही खरीच ठरली पाहिजे. एकाच खेळात एक मुलगा परपीडेत रस घेऊ शकतो आणि दुसरा कोणाचे सांत्वन करू शकतो. बाहेरून दोघेही सारखेच, मोबाइलमध्ये मान घालून बसलेले दिसतात. भेद जाणण्यासाठी जवळ बसावे लागते.

श्रावकाच्या व्रतांत याचे साधनही आहे. दिग्व्रतात कोणत्या दिशेने किती जायचे याची सीमा ठरविली जाते, आणि देशावकाशिकात ती त्या दिवसापुरती आणखी आवळली जाते. घरबसल्या दाही दिशा हिंडणाऱ्या पिढीला हे व्रत जुने नाही, नेमके कालोचित वाटावे. परिग्रहाचे मूळ वस्तूत नसून आसक्तीत आहे, अशी उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राची शिकवण आहे. त्या दृष्टीने तिजोरीतील सोने आणि पडद्यावरील सदरा यांत फरक उरत नाही. दोहोंचे परिमाण ठरवावे लागते. वेळेचे मापही आपल्याकडे तयार आहे. एका सामायिकाचे अठ्ठेचाळीस मिनिटे. जितका वेळ त्या जगात, त्याच्या काही अंशाने तरी स्वतःजवळ बसावे, हा नेम घरातील मोठ्यांनी स्वतःपासून सुरू केला, तर मुलांना उपदेशाची गरज कमी पडेल.

सेकंड लाइफ मुख्यतः प्रौढांचे जग आहे. मुले आज ‘माइनक्राफ्ट’ आणि ‘रोब्लॉक्स’ येथे वावरतात. तेथेही तेच आहे: ठोकळ्यांतून घर घडविणे, मित्रांना बोलावणे, खेळातले नाणे, दुकान, आणि अवताराच्या आडून येणारी अनोळखी माणसेही. म्हणून मुलाला तीन गोष्टी विचाराव्यात. तू तेथे काय घडविलेस? तुझ्याबरोबर कोण असते, आणि त्यांतील कोणाला तू प्रत्यक्ष ओळखतोस? या महिन्यात किती खर्च झाला? पहिल्या प्रश्नाला मूल उत्साहाने उत्तर देते. ते ऐकून घेतले, तर उरलेल्या दोन प्रश्नांचीही खरी उत्तरे मिळण्याचा संभव वाढतो. पालकांचे बँक कार्ड खेळाला जोडून ठेवू नये. ठरलेली रक्कम हातात द्यावी. घराचा पत्ता, शाळेचे नाव, छायाचित्र तेथे कोणालाही देऊ नये. कोणी ‘हे घरी सांगू नकोस’ असे म्हटले, तर ते त्याच दिवशी घरी सांगावे, आणि सांगितल्याबद्दल आपल्याला रागावले जाणार नाही हा भरवसा मुलाला असावा.

गादीवरच्या आजोबांनी दोनशे रुपये द्यावेत की नाही, हा त्यांच्या घरचा निर्णय. दिलेच, तर रोजमेळात ते नातवाच्या हातानेच लिहून घ्यावेत: तारीख, रक्कम, कारण. म्हणजे पडद्यावरील सदरा खर्चाच्या खात्यावर पडतो, भांडवलाच्या नाही, हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही. आणि मोबाइल परत देण्यापूर्वी आजोबांनी चष्मा पुसून एकदा म्हणावे, "दाखव बघू, तुझं घर कुठे आहे तिथे? आणि तुझे मित्र कोणते?"